पहिल्यांदाच अ‍ॅनिमे कन्व्हेन्शनला जाताय? शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींसाठी सगळी तयारी, टप्प्याटप्प्याने

मुंबई कॉमिक कॉन म्हणजे कॉमिक्स आणि अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) यांच्या चाहत्यांचा मेळावा. त्याच्या तारखा जाहीर झाल्या की ओळखीतली नववी-दहावीतली, अकरावीतली मुलं मला तेच प्रश्न विचारतात. एकट्याला आत सोडतात का? कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्रासारखा पोशाख, केला नाही तर विचित्र दिसेन का? पैसे किती लागतील? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: आईला काय सांगू? मी शाळेत असल्यापासून डोंबिवलीहून जात आलेय, त्यामुळे उत्तरं बऱ्यापैकी पाठ झालीत. ती एकदा नीट लिहून ठेवते.

नावात कॉमिक असलं तरी आपल्याकडे अ‍ॅनिमेचे चाहते मोठ्या संख्येने जमतात ते इथे. कॉमिक कॉन इंडियाची सुरुवात २०११ साली दिल्ली हाटला झाली, मग मुंबई, बंगळुरू, हैदराबाद अशी शहरं जोडली गेली. मुंबईत ते पूर्वी गोरेगावच्या नेस्कोतल्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरला भरायचं, अलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरलंय. खालची उदाहरणं मुंबईची आहेत, पण तुम्ही पुण्यात किंवा नागपुरात एखाद्या लहान मेळाव्याला जाणार असाल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

१. आधी घरच्यांशी बोला, तिकीट नंतर

तिकीट काढून मग घरी सांगणं हा सगळ्यात चुकीचा क्रम. घरच्यांना अ‍ॅनिमेशी भांडण नसतं. हॉल कुठे आहे, तिथे कोण असतं, परत कधी येणार, फोन लागला नाही तर काय, हे त्यांना माहीत नसतं म्हणून ते नाही म्हणतात. म्हणून विचारायला जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: तारीख आणि वेळ, ठिकाणाचा पूर्ण पत्ता, सोबत कोण आणि त्यांच्या पालकांचे नंबर, कुठली गाडी, परत निघायची वेळ, तिकिटाची किंमत आणि वर किती खर्च. कागद पाहिला की बोलणं लगेच बदलतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

तारीख प्रिलिम किंवा बोर्डाच्या जवळ असेल तर तो विषय तुम्हीच आधी काढा.

पहिल्या वर्षी आई, बाबा किंवा मोठ्या ताई-दादाला सोबत घ्यायला अजिबात लाजू नका. हॉलमध्ये कुटुंबच्या कुटुंबं असतात. आई-बाबांना आत यायचं नसेल तर ते बीकेसीत जवळपास थांबू शकतात आणि तुम्ही दर दोन तासांनी मेसेज करू शकता. क्लासला जातो असं सांगून मात्र कधीच जाऊ नका. गर्दीत चक्कर आली, फोन हरवला, तर तुम्ही कुठे आहात हे घरी माहीत असणं हाच पहिला आधार असतो.

२. तिकीट काढताना

तिकीट आयोजकांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच किंवा तिथे दिलेल्या भागीदार अ‍ॅपवरूनच काढा. काढण्याआधी अटींचं पान उघडून तीन गोष्टी शोधा: किती वयाखालच्या मुलांसोबत पालक लागतात, तिकीट एका दिवसाचं आहे की सगळ्या दिवसांचं, आणि बाहेर गेल्यावर परत आत येता येतं का. या अटी दर कार्यक्रमाला वेगळ्या असतात. मैत्रिणीने गेल्या वर्षी काय केलं होतं त्यावर विसंबू नका.

मोठा सापळा इथेच आहे. तिकिटं संपली की इन्स्टाग्रामवर आणि टेलिग्रामवर ‘एक्स्ट्रा पास आहे, निम्म्या किमतीत’ असे मेसेज सुरू होतात. एक क्यूआर कोड एकदाच स्कॅन होतो. तोच कोड पाच जणांना विकलेला असला तर गेटवर पहिला पोचणारा आत जातो, बाकीचे चौघे बाहेर. त्याच कारणासाठी स्वतःच्या तिकिटाचा फोटो उत्साहाच्या भरात स्टोरीला टाकू नका.

महागडं तिकीट घ्यावं का? पहिल्या वेळी नको. त्यात मिळणाऱ्या वस्तू छान असतात, पण तेच पैसे आत चित्रकारांच्या टेबलांवर खर्च केलेत तर तुमच्या आवडीचं काही हाती येईल.

३. बॅगेत काय हवं

- तिकिटाचा क्यूआर, फोनमध्ये सेव्ह केलेला आणि एक प्रिंटही. गेटजवळ हजारो फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात, तिथे ईमेल उघडत नाही
- ओळखपत्र: आधार किंवा शाळा-कॉलेजचं आयकार्ड
- पालक सोबत नसतील तर त्यांच्या सहीचं आणि फोन नंबरचं साधं संमतीपत्र. कुणी मागेलच असं नाही, पण असलेलं बरं
- दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात, कारण आजकाल आईचा नंबर कुणालाच पाठ नसतो
- पॉवर बँक आणि केबल
- रोख पैसे, दोन वेगळ्या जागी ठेवलेले
- रोजची औषधं, दम्याचा पंप, चष्म्याचा डबा
- पोस्टर आणि प्रिंट दुमडू नयेत म्हणून पुठ्ठ्याची नळी किंवा कडक फोल्डर
- रुमाल, छोटा टॉवेल, सॅनिटरी पॅड
- रिकामी पाण्याची बाटली

पाणी आणि डबा आत नेऊ देतात की नाही ते अटींत पाहा. नेऊ देत नसतील तर घरून पोटभर खाऊन निघा. चहा-बिस्किटावर दिवस निघत नाही, पोहे-थालीपीठ काहीतरी भक्कम हवं. आत खाणं महाग असतं आणि रांग लांब.

पैशांचं म्हणाल तर परतीचं भाडं आणि जेवणाचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेले खर्चायचे. तुमच्या नावावर खातं नसेल तर यूपीआय सर्कल ही सोय २०२४ पासून आहे. आई-बाबा स्वतःच्या खात्यातून ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च करायची परवानगी तुम्हाला देऊ शकतात. तरीही रोख हवीच, गर्दीत नेट बसलं की सगळं अडतं.

४. कॉस्प्ले: करायचा असेल तर

आधी हे स्पष्ट करू: कॉस्प्ले केला नाही तर काहीही बिघडत नाही. आत येणाऱ्यांतले बहुतेक साध्या टी-शर्ट-जीन्सवर असतात. पण मनात असेल तर पहिल्या वर्षी सोपं पात्र घ्या. वन पीस या मालिकेतला लुफी हे उत्तम उदाहरण: गवती हॅट, लाल शर्ट, निळी हाफ पँट, कमरेला पिवळं कापड आणि डाव्या डोळ्याखाली आयलायनरने काढलेला व्रण. निम्मं सामान घरात निघेल. नारुतो मालिकेतल्या अकात्सुकी टोळीचा लाल ढगांचा काळा झगा शिवायला सरळ आहे, म्हणूनच तो तुम्हाला तिथे पावलोपावली दिसेल. डीमन स्लेयर मालिकेतल्या टांजिरोचा हिरव्या-काळ्या चौकटींचा हाओरी (सैल जपानी जॅकेट) शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू एका दुपारी शिवून देतील, फक्त त्यांना फोटो पुढून-मागून दोन्ही बाजूंनी दाखवा.

कापडासाठी मुंबईत मंगलदास मार्केट, पुण्यात रविवार पेठ. तलवारी, चिलखतं बनवायला ईव्हीए फोम वापरतात. लहान मुलांच्या खोलीत अंथरायच्या, एकमेकांत अडकणाऱ्या जाड चटया बहुतेकदा त्याच फोमच्या असतात आणि सुरुवातीला त्या पुरतात. कटरला नवं पातं लावा, बोथट पात्याने फोम फाटतो. जोडायला ग्लू गन किंवा फेव्हिबाँडसारखा डिंक, पण खिडक्या उघड्या ठेवून आणि घरात कुणी मोठं असताना. रंग लावण्याआधी फोमवरून हीट गन किंवा तसंच काही फिरवून छिद्रं बंद करावी लागतात, नाहीतर तो रंग पीतच राहतो.

शस्त्राच्या बाबतीत नियम कडक असतात आणि ते योग्यच आहे. धातू, काच, टोकदार काहीही चालत नाही. लाकडी तलवारही बऱ्याचदा अडवतात. गेटवर प्रॉप (पोशाखासोबतच्या वस्तू) तपासतात आणि नाकारलेली वस्तू ठेवून घ्यायची सोय असेलच असं नाही. फोम आणि पुठ्ठा हेच खरे मित्र. लांब तलवार असेल तर ती मधून दोन भागांत सुटेल अशी बनवा. लोकलमध्ये आणि मेट्रोच्या तपासणीत ती पिशवीत झाकलेली असली की कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

आता दोन गोष्टी ज्यांवर मी हट्टाने बोलते. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स ऑनलाइन स्वस्तात मागवून घालू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासल्याशिवाय लेन्स डोळ्यात जाता कामा नये, आणि दुसऱ्याची लेन्स तर कधीच नाही. एका दिवसाच्या फोटोसाठी डोळ्याला जखम परवडत नाही. तसंच चेहऱ्याला लावायचा रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहा. खाज आली तर तो रंग बाद.

विग, पूर्ण पोशाख आणि बूट घालून आदल्या आठवड्यात घरात तासभर वावरा. बसता येतं का, टॉयलेटला जाता येतं का, जिना उतरता येतो का. बूट जुने, पायात बसलेलेच घाला. सेफ्टी पिना, सुई-दोरा, दुहेरी चिकटपट्टी आणि केसांचे आकडे एका छोट्या डबीत ठेवा. या डबीमुळे तुम्ही अनोळखी लोकांच्याही उपयोगी पडाल, आणि ओळखी अशाच होतात.

स्पर्धेत उतरायचं असेल तर नोंदणी कधी बंद होते ते आधीच पाहून ठेवा, मूळ पात्राचा छापील फोटो न्या आणि अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते का ते विचारा.

५. पोचायचं कसं

बीकेसीला मध्य किंवा हार्बरवरून येत असाल तर कुर्ला पश्चिम, पश्चिम रेल्वेवरून वांद्रे पूर्व, आणि पुढे बस किंवा शेअर रिक्षा. मेट्रो ३ चं बीकेसी स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं. घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३ हा रस्ता लांब वाटतो, पण विग आणि तलवार घेऊन कुर्ल्याच्या पुलावरून जाण्यापेक्षा मला तोच आवडतो. कार्यक्रम गोरेगावला असेल तर राम मंदिर स्टेशन नेस्कोला जवळ पडतं.

रविवारचं तिकीट असेल तर शनिवारी मेगाब्लॉकचं, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद असण्याचं, वेळापत्रक नक्की बघा. बाहेरगावहून येणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं आणि ती ठाण्यात अडकतात.

पोशाख घरून घालून निघायचं का? पोशाखाच्या आत घालायचे साधे कपडे घालून निघा, विग आणि वरचं सगळं तिथे चढवा. तोक्योत १९७५ पासून भरणाऱ्या कॉमिकेट या मोठ्या मेळाव्यात तर पोशाख करून यायलाच मनाई आहे, आत बदलायच्या खोल्या असतात. आपल्याकडे तशी सोय प्रत्येक ठिकाणी नसते आणि टॉयलेटसमोर रांग असते, म्हणून पाच मिनिटांत चढवता येईल असाच पोशाख ठरवा.

६. गेटवर

दार उघडायच्या तासभर आधी पोचलात तर बरं. तिकीट दाखवून मनगटावर बँड बांधतात. तो सैल बांधून घेऊ नका आणि दिवसभर काढू नका, तुटलेला बँड म्हणजे पुन्हा वाद. आत गेल्या गेल्या तीन गोष्टी शोधा: मदत कक्ष, प्रथमोपचार, बाहेर पडायची दारं. गटाने आला असाल तर हरवल्यावर भेटायची एक जागा ठरवा. ‘स्टेजजवळ’ असं नको, तिथे सगळेच असतात. ‘मदत कक्षाच्या डाव्या बाजूला, दर तासाच्या ठोक्याला’ असं नेमकं ठरवा.

७. आत गेल्यावर कुठून सुरुवात करायची

सगळे आधी मोठ्या कंपन्यांच्या झगमगत्या स्टॉलकडे धावतात, कारण तिथे काहीतरी फुकट मिळतं. मी सांगेन, उलट करा. सकाळचा पहिला तास आर्टिस्ट अ‍ॅलीला द्या. इथे आपल्याच देशातले चित्रकार स्वतःच्या टेबलामागे स्वतः बसलेले असतात: कुणी कॉलेजात शिकणारं, कुणी नोकरी सांभाळून रात्री चित्रं काढणारं. सकाळी ते ताजेतवाने असतात, गर्दी कमी असते, बोलायला वेळ असतो. दुपारी तीनला त्याच टेबलासमोर उभं राहायला जागा नसते. तुम्ही चित्रं काढत असाल तर वही घेऊन जा आणि विचारा: कुठलं सॉफ्टवेअर, कुठला कागद, प्रिंट कुठे काढता, सुरुवात कशी केली. बहुतेक जण मनापासून सांगतात. मागे गिऱ्हाईक उभं असेल तर बाजूला व्हायचं, एवढंच.

स्टिकर साधारण शंभरच्या आसपास, प्रिंट काही शेकड्यांत. इथे भाव करू नका. तुळशीबागेत घासाघीस चालते, पण हाताने काढलेल्या चित्रावर ‘दोन घेतो, कमी करा’ म्हणणं त्या माणसाला लागतं. आणि टेबलावरच्या चित्रांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, त्यातूनच नकला छापल्या जातात.

फिगर, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, घेताना सावध राहा. नकली माल सर्रास असतो. खोक्यावर कंपनीचं नाव स्वच्छ छापलेलं आहे का, रंग ओघळलाय का, चेहऱ्याचा नक्षा मूळ फोटोशी जुळतो का, हे पाहा. वन पीस, ड्रॅगन बॉल यांच्या अधिकृत जपानी वस्तूंच्या खोक्यावर तोएई अ‍ॅनिमेशनचं चकचकीत स्टिकर असतं. नेंड्रॉइड म्हणजे मोठ्या डोक्याच्या, साधारण १० सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्या. त्या गुड स्माइल कंपनीच्या असतात आणि खऱ्या असतील तर काही हजारांना पडतात. पाचशेला मिळाली तर ती नकली आहे असंच समजा. नकली घ्यायची तर माहीत असून घ्या, फसून नको. मोठी खरेदी दुपारनंतर करा, म्हणजे सकाळपासून ओझं वाहावं लागत नाही.

स्टेजवरचे कार्यक्रम वेळापत्रकात पाहून फक्त दोन निवडा. सगळं बघायचं ठरवलंत तर दिवस रांगेतच जाईल. दर दोन तासांनी बसा, पाणी प्या, विग काढून डोकं मोकळं करा. पोशाखाच्या आत उकाडा किती वाढतो ते गर्दीत कळत नाही. गरगरल्यासारखं झालं तर तडक प्रथमोपचाराकडे जा.

८. माणसं आणि फोटो

एकटे आलात तर बोलायचं कुणाशी ही भीती अगदी खरी आहे. सोपा मार्ग म्हणजे तुमच्या आवडत्या पात्राचा कॉस्प्ले केलेल्या माणसाला गाठा आणि पोशाखातल्या एका नेमक्या गोष्टीबद्दल विचारा: ‘हा पट्टा कशाचा केलाय?’ ज्याने तीन महिने खपून तो पट्टा केलाय त्याला हाच प्रश्न हवा असतो. कुणी ‘तू किती भाग पाहिलेस, मंगा (जपानी कॉमिक) वाचलास का’ अशी परीक्षा घ्यायला लागलं तर उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. तिकीट काढून आलेला प्रत्येक जण तिथला आहे, हिंदीत डब केलेलं पाहणाराही आणि कालच सुरुवात केलेलाही.

फोटो काढण्याआधी विचारायचं. खांद्यावर हात ठेवण्याआधी वेगळं विचारायचं. विगला, तलवारीला, पंखांना हात लावायचा नाही. खाणाऱ्या किंवा पोशाख दुरुस्त करणाऱ्या माणसाचा फोटो नको. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये ‘कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे’ अशा अर्थाचे मोठे फलक लावले आणि मग हा नियम जगभर पसरला. पोशाख तोकडा असला तरी नियम तोच.

तुमच्या बाबतीतही तोच. कुणी फोटो मागितला आणि तुम्हाला नको वाटला तर ‘नको’ पुरे, कारण द्यावं लागत नाही. कुणी अंगाला हात लावला, पाठलाग केला, ‘फोटोशूटला बाहेर ये’ म्हणाला, तर वाद घालत बसू नका. सरळ मदत कक्ष किंवा गणवेशातले सुरक्षारक्षक गाठा आणि घरी फोन करा. आपत्कालीन नंबर ११२, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही मोफत, चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आहे. दोन्ही त्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहा.

डिस्कॉर्डसारख्या चॅट अ‍ॅपवरच्या मित्राला पहिल्यांदा भेटणार असाल तर हॉलच्या आत, भर गर्दीत, तुमच्या गटातलं कुणीतरी सोबत असताना भेटा, आणि घरी आधी सांगा. समोरची व्यक्ती चांगली असेल तर तिला याचं वाईट वाटणार नाही.

९. परत निघताना

समारोपाच्या अर्धा तास आधी निघा. सगळे एकदम बाहेर पडले की बीकेसीत रिक्षा मिळत नाही आणि कॅबचे भाव चढतात. निघताना घरी मेसेज, गाडीत बसल्यावर दुसरा. विग आणि मेकअप हॉलमध्येच उतरवा, ओले टिश्यू सोबत ठेवा. तलवार पुन्हा पिशवीत.

घरी आल्यावर विग विंचरून, थोडा शाम्पू घातलेल्या गार पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. गरम पाणी आणि ड्रायर साध्या विगला चालत नाही. फोम उन्हात किंवा बंद गाडीत ठेवला तर वाकतो, जोडही सुटतात. मिळालेली व्हिजिटिंग कार्डं काढून चित्रकारांना फॉलो करा. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याकडे ऑनलाइन ऑर्डर येणं त्यांना फार मोलाचं असतं. फोटो टाकताना शाळेचं नाव, घरचा भाग दिसतोय का ते तपासा, फोटोतल्या इतरांना विचारा, आणि कॉस्प्लेअरचं नाव माहीत असेल तर ते जरूर लिहा.